क्रॉसओव्हर कॉमिक्स घेण्याआधी : टीव्हीवरची विज्ञानमालिका आणि सुपरहिरो एकाच पुस्तकात
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या दुकानात क्रॉसओव्हर कॉमिक्सचा, म्हणजे दोन वेगळ्या मालिकांमधली पात्रं एकाच कथेत भेटतात अशा पुस्तकांचा, कप्पा वेगळा ठेवलेला आहे. 'स्टार ट्रेक' आणि 'एक्स-मेन', 'पॉवर रेंजर्स' आणि 'जस्टिस लीग' अशी दोन-दोन नावं मुखपृष्ठावर असलेली पुस्तकं त्यात मिळतील. या कप्प्यापाशी थांबलेले ग्राहक हमखास तीन गोष्टी विचारतात. हे अधिकृत आहे का? आधीचं काही वाचलं नसेल तर कळेल का? आणि हवं असलेलं नेमकं पुस्तक कधीच का मिळत नाही? काउंटरवर गर्दी असताना यांची नीट उत्तरं देणं जमत नाही, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत.

अधिकृत म्हणजे काय

या कप्प्यातलं प्रत्येक पुस्तक दोन्हीकडच्या हक्कधारकांच्या परवानगीने निघालेलं आहे. त्या अर्थाने ती सगळी अधिकृत आहेत. पण त्यातल्या घटना मूळ मालिकेत धरल्या जातात का, असं विचाराल तर बहुतेकदा नाही. 'स्टार ट्रेक'मध्ये पडद्यावर दिसलं तेच खरं, अशी रीत आहे. 'स्टार ट्रेक'चा कप्तान कर्क आणि 'एक्स-मेन'मधला वुल्व्हरिन समोरासमोर आले, तरी पुढच्या भागात त्याची आठवण कोणी काढत नाही. आम्हाला यात उणीव वाटत नाही. मूळ कथेला धक्का लावायचा नाही हे आधीच ठरलेलं असलं की लेखकाला मोकळेपणाने खेळता येतं, आणि वाचकाला मागचे शंभर अंक वाचून यावं लागत नाही. बहुतेक क्रॉसओव्हर एका पुस्तकात सुरू होऊन तिथेच संपतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आलं.

याला अपवाद आहेत, आणि आमच्या मते या कप्प्यातल्या सर्वांत रंजक गोष्टी त्या अपवादांच्याच आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

'स्टार ट्रेक' : एक मालिका, अनेक प्रकाशक

एकाच मालिकेची कॉमिक्स वेगवेगळ्या शिक्क्यांची का, हे 'स्टार ट्रेक'वरून चांगलं समजतं. कॉमिक्सचा परवाना १९६७ मध्ये गोल्ड की या प्रकाशनाकडे होता. १९८० मध्ये तो मार्व्हलकडे (एक्स-मेन आणि स्पायडर-मॅनचं घर) गेला, १९८४ मध्ये डीसीकडे (बॅटमॅन आणि जस्टिस लीगचं घर), १९९६ मध्ये पुन्हा मार्व्हलकडे. २००७ पासून आयडीडब्ल्यू हे प्रकाशन ही मालिका काढू लागलं. परवाना ज्या घरात असतो, त्या घरातले सुपरहिरो भेटणं सोपं जातं. म्हणून १९९६ मध्ये मार्व्हलने 'स्टार ट्रेक'च्या मालक पॅरामाउंटबरोबर नवी शाखा काढली, आणि त्याच वर्षी कर्कच्या एंटरप्राइझ या अंतराळयानावर एक्स-मेन अवतरले.

त्या अंकातला एक प्रसंग आम्ही ग्राहकांना आवर्जून उघडून दाखवतो. 'स्टार ट्रेक'मधले जहाजावरचे डॉक्टर म्हणजे लेनर्ड मकॉय. एक्स-मेनमधला निळ्या केसाळ अंगाचा शास्त्रज्ञ 'बीस्ट', त्याचं खरं नाव हँक मकॉय. आता दवाखान्यात कोणी 'डॉक्टर मकॉय' अशी हाक मारली तर काय होणार? दोघंही ओ देतात. या गमतीसाठी कुठलीही लढाई लागत नाही, एका चौकटीत काम होतं. दुसरा प्रसंग एंटरप्राइझवरचा अधिकारी स्पॉक आणि वुल्व्हरिनचा. पोलादापेक्षा कठीण हाडांच्या आणि कुठलीही जखम भरून येणाऱ्या वुल्व्हरिनला स्पॉक खांद्याजवळ नुसता चिमटा घेतो आणि तो कोसळतो. दोन्ही मालिका मनापासून आवडणाऱ्या माणसालाच असं सुचतं. खलनायकाची निवडही विचार करून केलेली आहे. १९६६ च्या मूळ मालिकेत मनःशक्तीने वेडावलेला गॅरी मिचेल आणि एक्स-मेनचा जुना शत्रू प्रोटियस यांची इथे सांगड घातली आहे. दोघंही वास्तवालाच वाकवू शकतात, त्यामुळे जोडी शोभते.

१९९८ मध्ये याचा पुढचा भाग आला, यावेळी कप्तान पिकार्डच्या 'नेक्स्ट जनरेशन' या नंतरच्या 'स्टार ट्रेक' मालिकेबरोबर. त्यात खलनायक आहे काळात मागेपुढे फिरणारा कँग. त्याच वर्षी 'प्लॅनेट एक्स' नावाची कादंबरी निघून ही कथा पुढे गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी पिकार्डची भूमिका करणारे पॅट्रिक स्टुअर्ट 'एक्स-मेन' चित्रपटात त्या चमूचे प्रमुख प्रोफेसर एक्स म्हणून दिसले. ते पाहिलेल्या वाचकाला ही पुस्तकं आज वाचताना वेगळीच मजा येते.

डीसीच्या नायकांची भेट आयडीडब्ल्यूच्या काळात झाली. २०११-१२ मध्ये 'लीजन ऑफ सुपर-हीरोज'बरोबर सहा अंक निघाले. लीजन म्हणजे हजार वर्षांनंतरची तरुण मंडळी, १९५८ पासूनची. कर्कचं तेविसावं शतक आणि त्यांचा काळ, दोन्ही आशावादी भविष्यं. दोन्ही चमू चुकून तिसऱ्याच, हुकूमशाहीच्या पृथ्वीवर पोहोचतात. डीसीचा अमर खलनायक व्हँडल सॅव्हेज आणि 'स्टार ट्रेक'च्या १९६९ च्या एका भागातला अमर माणूस फ्लिंट, या दोघांचा लेखक क्रिस रॉबर्सन यांनी इथे मेळ घातला आहे. ज्यांनी तो भाग पाहिलाय त्यांना हे वाचताना टाळी द्यावीशी वाटेल. नवख्या वाचकाला मात्र लीजनमधली तीसेक नावं डोक्यात ठेवणं जड जातं, हे आधीच सांगतो.

एकच पुस्तक घेऊन सुरुवात करायची असेल तर आम्ही २०१५ चं 'द स्पेक्ट्रम वॉर' हातात ठेवतो. यात 'स्टार ट्रेक' आणि 'ग्रीन लँटर्न' भेटतात. लेखक माइक जॉन्सन, चित्रं आंखेल एर्नांदेस यांची. ग्रीन लँटर्नच्या जगात सात रंगांच्या अंगठ्या असतात आणि प्रत्येक रंग एका भावनेचा : हिरवा निश्चयाचा, पिवळा भीतीचा, निळा आशेचा, लाल संतापाचा, नारिंगी हावेचा, गडद निळा करुणेचा, जांभळा प्रेमाचा. अंगठी स्वतः आपला माणूस निवडते. एंटरप्राइझच्या चमूला एका सांगाड्यापाशी या अंगठ्या सापडतात, आणि इथेच कथा पकड घेते. कुरकुर्‍या डॉक्टर मकॉयकडे करुणेची अंगठी जाते, चेकॉव्हकडे आशेची, उहुराकडे प्रेमाची. साठ वर्षांत मकॉयच्या तिरकस बोलण्यावर कितीतरी लिहिलं गेलं असेल, पण तो माणूस आतून काय आहे हे त्या एका अंगठीने सांगून टाकलं. क्रॉसओव्हर कसा असावा, असं कोणी विचारलं तर आमचं उत्तर हेच : स्वतःच्या जगात जे दाखवता आलं नसतं, ते दुसऱ्या जगाच्या नियमामुळे दिसलं पाहिजे. नुसती 'कोण जिंकेल' अशी मारामारी असलेली पुस्तकंही आमच्याकडे आहेत, पण ती एकदा वाचून होतात.

'डॉक्टर हू' आणि एक भाडोत्री यंत्रमानव

आता अपवादांकडे. मार्व्हलची ब्रिटनमधली शाखा १९७९ पासून 'डॉक्टर हू' या काळप्रवासी 'डॉक्टर'च्या बीबीसी मालिकेचं साप्ताहिक काढत होती. पुढे तेच मासिक झालं. १९८४ पासून तीच मंडळी 'ट्रान्सफॉर्मर्स' या यंत्रमानवांच्या मालिकेचे ब्रिटिश अंकही काढू लागली. एकाच कचेरीत ही सगळी कामं चाललेली असल्यामुळे पात्रांची ये-जा सुरू झाली.

१९८७ मध्ये लेखक सायमन फर्मन आणि चित्रकार जेफ सिनियर यांनी 'ट्रान्सफॉर्मर्स'च्या ब्रिटिश अंकात 'डेथ्स हेड' हा महाकाय यंत्रमानव आणला. पैसे घेऊन माणसं पकडून देणारा हा शिकारी स्वतःला मात्र 'शांतता राखणारा स्वतंत्र प्रतिनिधी' म्हणवतो आणि वाक्याच्या शेवटी 'येस?' जोडतो. वाचकांना तो इतका आवडला की त्याला स्वतंत्र अंक द्यायचं ठरलं. पण तो होता इमारतीएवढा. माणसांच्या जगात त्याला आणायचा कसा? १९८८ मध्ये 'डॉक्टर हू मॅगझिन'च्या १३५ व्या अंकात त्याची सातव्या डॉक्टरशी (म्हणजे डॉक्टरच्या सातव्या अवताराशी) गाठ पडली, आणि डॉक्टरने आपला जुना वैरी 'मास्टर' याचं आकसून टाकणारं शस्त्र वापरून त्याला माणसाच्या मापाचा केला. पुढे त्याच्या स्वतःच्या मासिकात डॉक्टर पुन्हा आला, आणि डेथ्स हेड जाऊन पोहोचला थेट न्यूयॉर्कमधल्या 'फँटास्टिक फोर'च्या इमारतीवर. म्हणजे टीव्हीवरचे ट्रान्सफॉर्मर्स, टीव्हीवरचा डॉक्टर हू आणि मार्व्हलचं विश्व, तिन्ही एका पात्राच्या प्रवासाने जोडली गेली. त्यासाठी कुठलाही मोठा गाजावाजा झाला नाही. हा यंत्रमानव मार्व्हलमध्ये आजही टिकून आहे.

आणखी एक धागा आहे. लेखक ॲलन मूर यांनी १९८०-८१ च्या सुमारास 'डॉक्टर हू'च्या मासिकात छोट्या कथा लिहिल्या होत्या. त्यातलं 'स्पेशल एक्झिक्युटिव्ह' हे पथक त्यांनी नंतर चित्रकार ॲलन डेव्हिस यांच्याबरोबरच्या मार्व्हलच्या 'कॅप्टन ब्रिटन'मध्ये आणलं. ही पुस्तकं घेताना अनुक्रमणिकेत नेमके कोणते अंक आहेत ते जरूर पाहा. 'डॉक्टर हू' बीबीसीचा, 'ट्रान्सफॉर्मर्स' हॅस्ब्रोचे, बाकीचे मार्व्हलचे. त्यामुळे सगळा प्रवास एकाच जिल्दीत असेलच असं गृहीत धरू नका.

जपानी स्पायडर-मॅन ते पॉवर रेंजर्स

'पॉवर रेंजर्स' पाहत मोठी झालेली मुलं आता नोकरीला लागली आहेत, आणि 'जस्टिस लीग/पॉवर रेंजर्स' हे २०१७ चं पुस्तक तीच सर्वांत जास्त नेतात. लेखक टॉम टेलर, चित्रकार स्टीफन बर्न, सहा अंक. ब्लॅक रेंजर झॅक दुसऱ्या विश्वात फेकला जातो आणि बॅटमॅनच्या समोर येतो. गैरसमजातून आधी मारामारी, मग दोस्ती. डीसीचा खलनायक ब्रेनियॅक आख्खी शहरं बाटलीत भरून नेतो, त्याची नजर आता रेंजर्सच्या एंजल ग्रोव्ह शहरावर पडते. कथा सरळ आहे, चित्रं झकास आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलांना बेलाशक द्या.

पण याच्या मागची हकिगत त्याहून चांगली आहे. १९७८ मध्ये जपानच्या तोएई कंपनीने मार्व्हलशी करार करून टीव्हीसाठी आपला स्पायडर-मॅन बनवला. पीटर पार्करऐवजी ताकुया यामाशिरो हा मोटारसायकल-शर्यतपटू, आणि त्याच्या दिमतीला 'लिओपार्डन' नावाचा महाकाय यंत्रमानव! एक्केचाळीस भाग चाललेल्या या मालिकेनंतर १९७९ मध्ये तोएईने 'बॅटल फीव्हर जे' काढली आणि रंगीत पोशाखांच्या पथकालाही महाकाय रोबॉट दिला. 'सुपर सेंताई' मालिकांमध्ये ती पद्धतच पडली. त्यातल्याच १९९२ च्या 'झ्युरेंजर'चे प्रसंग वापरून १९९३ मध्ये अमेरिकेत 'पॉवर रेंजर्स' उभे राहिले. म्हणजे डीसीच्या बॅटमॅनशेजारी उभ्या असलेल्या त्या रोबॉटची वंशावळ मार्व्हलच्या स्पायडर-मॅनपाशी जाते. ताकुया आणि लिओपार्डनलाही मार्व्हलने नंतर 'स्पायडर-व्हर्स' या २०१४ च्या कथेत रीतसर आपल्या विश्वात घेतलं.

वेताळ, मॅण्ड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन

'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ ते १९९० या काळात निघत असत, मराठीतूनही. ते जपून ठेवलेले ग्राहक आमच्याकडे येतात तेव्हा आम्ही त्यांना 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ'बद्दल सांगतो. १९८६ च्या या ६५ भागांच्या कार्टून मालिकेत वेताळ, मॅण्ड्रेक, लोथार आणि फ्लॅश गॉर्डन एकत्र येऊन फ्लॅशचा शत्रू मिंग याच्याशी लढतात, आणि सोबत त्यांची मुलंही आहेत. काळ त्यावेळच्या भविष्यातला, २०१५ चा. आपला नेहमीचा वेताळ एकविसावा, हा सत्ताविसावा. मालिकेत त्याला वाघांचं बळ अंगात आणणारी शक्ती दिली आहे. आम्हाला ती मुळीच पटलेली नाही. वेताळाकडे कसलीही अतिमानवी शक्ती नाही, पिढ्यान्‌पिढ्या मुखवटा पुढे जातो म्हणून लोक त्याला अमर समजतात, ही त्या पात्राची खरी गंमत आहे. मार्व्हलने १९८७ मध्ये या मालिकेचे चार अंक काढले. वेताळ, मॅण्ड्रेक आणि फ्लॅश यांना एकत्र आणणारं २०१३ चं 'किंग्ज वॉच' त्यापेक्षा प्रौढ आणि सरस आहे. वेताळाच्या चाहत्यांनी तेच घ्यावं.

हवं ते पुस्तक का मिळत नाही

दोन मालकांचा करार ठरावीक पुस्तकासाठी आणि मुदतीपुरता असतो. मुदत संपली, किंवा परवाना दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला, की नवी आवृत्ती काढायला पुन्हा सगळ्यांची संमती लागते. मार्व्हल आणि डीसीचं 'जेएलए/अव्हेंजर्स' हे २००३ चं पुस्तक टीव्हीशी संबंधित नाही, पण उदाहरण म्हणून बोलकं आहे. वर्षानुवर्षं मागणी असूनही ते अडकून होतं. चित्रकार जॉर्ज पेरेझ आजारी असताना २०२२ मध्ये दोन्ही कंपन्यांनी एका मदतसंस्थेसाठी परवानगी दिली आणि फक्त ७,००० प्रती निघाल्या.

म्हणून क्रॉसओव्हरचं पुस्तक बाजारात असतानाच घेतलेलं बरं. जुना सुटा अंक घेत असाल तर पिन गंजलेली नाही ना, मधलं जोडपान सुटलेलं नाही ना, हे आमच्यासमोरच उघडून पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पिना लवकर गंजतात, तेव्हा घरी गेल्यावर अंक मागे पुठ्ठा लावून पिशवीत घाला आणि उभा ठेवा. मागणी नोंदवताना मालिकेचं नाव, प्रकाशक आणि वर्ष, तिन्ही लिहून द्या. 'स्टार ट्रेक आणि एक्स-मेन' एवढंच लिहिलं तर १९९६ चं हवं की १९९८ चं, हे विचारायला आम्हाला तुम्हाला फोन करावा लागतो.