कुकरची शिट्टी आणि डोक्यातली वाफ

परवा भाच्याने रेज रूमचा व्हिडिओ पाठवला. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि बॅटने जुने टीव्ही, बाटल्या फोडत सुटायचं. खाली लिहिलेलं, "मामा, तुझ्यासाठी बेस्ट!" आता आमच्या घरात मी जमदग्नी म्हणून प्रसिद्ध आहे हे खरं, पण त्या व्हिडिओमागची समजूतच चुकीची आहे. राग म्हणजे कुकरमधली वाफ, शिट्टी झाली की प्रेशर उतरतं, असं आपण सगळेच धरून चालतो ना?

ब्रॅड बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे तपासलं, त्याचा पेपर २००२ मध्ये आला. ६०० विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवलं. मग काहींना चिडवणाऱ्याचा चेहरा डोळ्यासमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, काहींना नुसतं गप्प बसवलं. ठोसेवालेच जास्त चिडलेले निघाले आणि पुढे त्रासही त्यांनीच जास्त दिला, गप्प बसलेल्यांनी कमी.

असं का? तर राग आला की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोका ओळखणारा भाग, घंटा वाजवतो, किडनीवरच्या टोपीसारख्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, नाडी पळते. रक्तातलं ॲड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, पण कॉर्टिसोल हे ताणाचं दुसरं हार्मोन मागून सावकाश येतं आणि तासभर तरी रेंगाळतं. आता गंमत बघा. सिग्नलला कोणी कट मारला, तुम्ही दोन शिव्या हासडल्या, घरी आलात, चपला काढल्या, तुमच्या मते विषय संपला, पण अंग अजून तापलेलंच असतं. तेवढ्यात पोराच्या हातून ताटातली आमटी सांडते. एरवी "फडकं आण" म्हणून सोडून दिलं असतं, पण आता ती उरलेली धग आमटीवर चढते आणि मेंदू सगळा हिशोब पोराच्या नावावर मांडतो! डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात याला नाव दिलं एक्सायटेशन ट्रान्सफर, म्हणजे उत्तेजना एकीकडची आणि बिल दुसऱ्याच्या नावाने. त्याने तर चिडवलेल्या लोकांना सायकल मारायला लावली, मग संधी दिल्यावर त्यांनी जास्त जोरात सूड काढला. बॅट फिरवूनही नाडी वाढतेच की, मग राग उतरणार कसा?

२०२४ मध्ये अमेरिकेत २८० निरोगी लोकांपैकी एका गटाला फक्त आठ मिनिटं जुना रागाचा प्रसंग आठवायला लावला, तर त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैलावण्याची ताकद ४० मिनिटांपर्यंत कमी राहिली. एकदाचं चालतं हो, रोज रोज झालं तर विचार करा.

आणि कृपा करून मोत्याची अंगठी सांगू नका. चंद्र शांत होतो म्हणे. माझ्याही बोटात आईने एक घातली होती, ती घालूनच मी रिमोट भिंतीवर फेकलाय.

राग येणं हा आजार नाही, अन्याय बघून आलाच पाहिजे. पण डॉक्टर लोक मोजमाप लावतात ते असं: तीन महिने आठवड्यातून साधारण दोनदा कारणाच्या मानाने भलताच स्फोट, शिवीगाळ, किंवा वर्षभरात तीनदा तोडफोड नाहीतर मारहाण, आणि हे ठरवून नाही तर झटक्यात होणं. याला इंटरमिटंट एक्स्प्लोझिव्ह डिसऑर्डर म्हणतात. मोजणी राहू द्या, घरच्यांकडे बघा. गेटवर तुमच्या गाडीचा आवाज आला की मुलं टीव्ही बंद करून पुस्तक उघडतात का? बायको "आत्ता नको, नंतर सांगते" किती वेळा म्हणते? "तोंडाने फटकळ पण मनाने निर्मळ" हे सर्टिफिकेट आपली आईच देते, ते धरू नका.

कधीकधी चिडचिडीच्या मागे थायरॉईड असतो, दारू असते, पुरुषांमध्ये तर डिप्रेशन पुष्कळदा रडण्याऐवजी रागाच्या रूपात दिसतं, म्हणून आधी फॅमिली डॉक्टरकडे गेलात तरी चालेल. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलता येतं. हात उगारला जात असेल तर वाट बघू नका, आणि मार खाणाऱ्या बाईसाठी १८१ आहे, "तो सुधारेल" म्हणून थांबायचं काम तिचं नाही.

मीही मदत घ्यायला गेलो. तिथे पहिल्यांदा विचारलं ते हे, की राग यायच्या आधी अंगात कुठे कळतं? मला उत्तरच येईना. आठवडाभर लक्ष ठेवल्यावर सापडलं, कान गरम होतात. आता कान तापले की मी जिना उतरून खाली जातो, भाच्याला वाटतं मामा सिगरेटला गेला.