किचकट वेगळं, गुंतागुंतीचं वेगळं

नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे या आयटी पट्ट्यातल्या कुठल्याही मीटिंगला बसा, कुणीतरी म्हणतंच: “प्रोजेक्ट कॉम्प्लेक्स आहे, प्लॅन अजून डिटेलमध्ये करा.” माझा चहा तिथेच कडू होतो.

कॉम्प्युटर सायन्समधली बिग-ओवाली कॉम्प्लेक्सिटी मी इथे म्हणत नाही. ती अल्गोरिदमला लागणाऱ्या वेळेची आणि मेमरीची. इंटरव्ह्यूपुरती सगळ्यांनाच येते.

घोळ होतो तो कॉम्प्लिकेटेड आणि कॉम्प्लेक्समध्ये. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्ह स्नोडेन यांनी आयबीएममध्ये असताना १९९९ साली मांडलेल्या चौकटीत हे दोन वेगळे कप्पे आहेत. मी पहिल्याला किचकट म्हणतो, दुसऱ्याला गुंतागुंतीचं. किचकटपणा वाढत गेला की गुंतागुंत होते, असं लोक धरून चालतात. तसं नाही.

ठाणे-वाशी लोकलचं वेळापत्रक किचकट. रेक, सिग्नल, मोटरमनच्या पाळ्या. पण जाणकार बसले की कागदावर सुटतं, आणि सुटलेलं गणित बघून रेक काही रुसत नाहीत. ठाण्याच्या फलाटावरची गर्दी मात्र गुंतागुंतीची. एक जादा गाडी सोडा, डोंबिवलीवाले दहा मिनिटं उशिरा घर सोडतील, नवी गाडीच तुडुंब होईल आणि ऐरोलीला रिक्षाची रांग भलत्याच वेळी लागेल. तुम्ही हात लावलात की प्रश्नच कूस बदलतो. फरक एवढाच, पण तो मापाचा नाही, जातीचा आहे.

सॉफ्टवेअरमध्ये जीएसटीची आकडेमोड किचकट. आधी नियम वाचा, मग कोड लिहा. पण स्टोरी पॉइंट (काम केवढं मोठं, याचा टीमने लावलेला अंदाज) अप्रेझलला जोडून बघा: चार स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एक-दोन आठवड्यांच्या चार टप्प्यांत, ३ पॉइंटचं काम ५ चं होतं, कोड तेवढाच! उशीर झाला म्हणून माणसं वाढवणं त्याच जातीचं. ५ जणांत बोलणाऱ्या जोड्या १०, १० जणांत ४५. शिवाय नव्यांना शिकवायला जुनेच बसणार. फ्रेड ब्रूक्स यांनी हे १९७५ मध्येच ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात लिहून ठेवलंय. इथे आणखी तपशीलवार प्लॅन म्हणजे आणखी तपशीलवार चूक. थोडं करून बघा, काय हलतं ते पाहा, मग पुढचं ठरवा.

उलट्या टोकाचे महाभागही आहेत. “आम्ही अजाइल” (थोडं थोडं करत, शिकत पुढे जाणारे) म्हणत डेटाबेस मायग्रेशन, म्हणजे सगळा डेटा नव्या रचनेत हलवणंसुद्धा, “करून बघू” म्हणून थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टीमवर घेतात आणि शनिवारी रात्री सगळं पूर्ववत करणारी रोलबॅकची स्क्रिप्ट शोधत बसतात. मीही एकदा बसलोय. त्या कामाला प्रयोग नको होता. आदल्या आठवड्यात एक रंगीत तालीम हवी होती.