आमची पिशवी आणि तिचे कापड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपण निवडलेल्या पिशवीसारखी हुबेहूब दुसरी पिशवी आमच्याकडे सहसा नसते, आणि ‘हीच निळ्या रंगात मिळेल का’ या प्रश्नाला आम्हांला बहुतेक वेळा नाही म्हणावे लागते. पिशवीचा नमुना ठरवून मग त्यासाठी कापड आणायचे, अशी आमची रीत नाही. प्रवासात हाती आलेल्या कापडाचा पन्हा, वीण, रंग आणि वय पाहून त्याची कोणती पिशवी होईल, किंवा मुळात होईल की नाही, हे आम्ही ठरवतो.

कोल्हापूरहून आमच्या सर्वाधिक फेऱ्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात होतात. तेथील गुळेदगुड्डचा खण पूर्वापार चोळीसाठी विणला जात असल्यामुळे त्याचा तुकडा मुळातच बेताचा असतो, आणि काठ न कापता त्यातून खांद्याला अडकवायची एकच लहान पिशवी निघते. मोठी पिशवी हवी असल्यास दोन खण जोडावे लागतात. दोहोंचे काठ एकमेकांशी जुळत नसतील तर ती पिशवी आम्ही करत नाही. खणासारखे दिसणारे पॉलिएस्टरचे कापड आज बाजारात भरपूर आहे. म्हणून खरेदीच्या वेळी आम्ही कडेचा एक धागा काढून जाळून पाहतो. सुताची कागदासारखी राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

त्याच जिल्ह्यातील इलकलची साडी आपल्याकडे इरकल म्हणून ओळखली जाते. पारंपरिक इरकलीचे अंग सुती आणि पदर रेशमी असतो. पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा लावून तो अंगाच्या ताण्याशी फासात फास अडकवून जोडलेला असतो, आणि ही जोडणी नीट पाहिल्यास साडीत एका सरळ रेषेसारखी दिसते. पाणी लागल्यावर सूत आणि रेशीम सारखे आटत नाहीत, त्यामुळे त्या रेषेपाशी कापडाला चुण्या पडतात. म्हणून कोणतीही इरकल आम्ही आधी गार पाण्यातून काढतो, सावलीत वाळवतो आणि मगच कात्री लावतो. जुनी साडी असल्यास ती उजेडासमोर धरून पाहतो. पायाशी घासणारा काठ आणि वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेला भाग सर्वांत आधी विरतो. पदर मात्र पुष्कळदा शाबूत असतो. कसूतीचे भरतकाम असेल तर गोपूर, पालखी किंवा तुळशीवृंदावन अखंड ठेवूनच कापावे लागते, कारण कसूतीत गाठ मारत नाहीत आणि नक्षी मध्येच कापली की टाके उसवू लागतात. नेसण्याजोगी धड साडी मात्र आम्ही पिशवीसाठी कापत नाही. ती नेसावी, असेच आम्ही ग्राहकांना सांगतो.

अजरख, म्हणजे लाकडी ठशांनी छापून नैसर्गिक रंगांत रंगवलेले कापड, आम्ही कच्छमधील अजरखपूरहून आणतो. 2001च्या भूकंपानंतर कच्छमधीलच धमडका या गावी पाण्याचा प्रश्न बिकट झाला, तेव्हा तेथील छपाई करणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ हे गाव वसवले. धुलाईवर उभ्या असलेल्या या कामाला चांगले पाणी नसेल तर रंग खुलत नाही. कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग करतात, तुरटीच्या ठशांवर लाल रंग चढतो, चुना आणि डिंकाने झाकलेली जागा पांढरी राहते आणि निळ्या रंगासाठी कापड निळीत बुडवतात. ग्राहकांनी यातील दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. निळीचा रंग पहिले काही महिने घासला जाऊन थोडा उतरतो, त्यामुळे नवी अजरख पिशवी पांढऱ्या कपड्यांवर अडकवू नये. तसेच लोखंडाचा काळा रंग अनेक वर्षांनी कापड कुरतडतो, म्हणून जुन्या अजरखात काळ्या रेघा विरलेल्या आढळल्या तर आम्ही तो तुकडा घेत नाही.

घोंगडीच्या पिशव्या थोड्याच असतात. घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते आणि तिनेच त्या पिशवीला ताठपणा येतो, त्यामुळे ती धुऊ नये; उन्हात झटकून ब्रशने साफ करावी.

सुरुवातीच्या काळात आम्ही पिशवीचे बंद थेट वरच्या कापडालाच शिवत असू. डबा आणि पुस्तके घालून रोज वापरलेली एक खणाची पिशवी सहा महिन्यांत बंदापाशी फाटून परत आली. चूक आमची होती. चोळीच्या कापडावर आम्ही पाच किलोंचे ओझे टाकले होते. तेव्हापासून प्रत्येक पिशवीच्या आत जाड कॅनव्हासचे वेगळे अंग असते, बंद तळाखालून फिरवून त्यालाच शिवलेले असतात, आणि बाहेरच्या कापडावर वजनाचा ताण येत नाही. तरीही खणाच्या किंवा जुन्या इरकलीच्या पिशवीत तीन किलोंहून अधिक सामान घालू नये, ही विनंती. अस्तर एका बाजूने हातशिलाईने बसवलेले असल्यामुळे ते उसवून वेगळे धुता येते. बाहेरचे कापड यंत्रात धुऊ नये आणि डांबराच्या गोळ्या त्याला थेट लागू देऊ नयेत.

आपल्या घरातील कापडाचीही पिशवी आम्ही करून देतो. ओटीत आलेले खण घेऊन अनेक ताई आमच्याकडे येतात. एका ताईंनी आजीची हिरवी इरकल आणली होती. तिच्या पदराजवळ आजीने पांढऱ्या दोऱ्याने स्वतः केलेले, बोटभर लांबीचे रफू होते. आम्ही तो भाग टाळून कापड आखले होते, पण ताईंनी तो दर्शनी बाजूलाच घ्यायला सांगितला, आणि आम्ही मागून मलमलचा आधार देऊन तो तसाच ठेवला. म्हणून कापड देताना त्यातील कोणता डाग, कोणते ठिगळ किंवा कोणते नाव राखायचे आहे, ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे. कापड आपण कापून आणू नये आणि जुन्या घड्यांवर कडक इस्त्री फिरवू नये. आखणी झाल्यावर आम्ही आपल्याला ती दाखवतो, आणि आपला होकार आल्याशिवाय कात्री लावत नाही. उरलेले तुकडे, अगदी बोटभर चिंध्यासुद्धा, पिशवीसोबत परत दिले जातात.