पुनर्वसन समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण व त्याची फलनिष्पत्ती (अमेरिका)

अपघात, आजार, जन्मजात अपंगत्व किंवा मानसिक विकार यांमुळे ज्यांचे शिक्षण वा रोजगार अडला आहे, अशा व्यक्तींना कामापर्यंत आणि स्वावलंबी जगण्यापर्यंत पोचवणारा व्यवसाय म्हणजे पुनर्वसन समुपदेशन. अमेरिकेत या व्यवसायात शिरण्यासाठी सामान्यतः पदव्युत्तर पदवी लागते. अधिस्वीकृत अभ्यासक्रमांना आपल्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, हे दरवर्षी जाहीर करावे लागते.

या शिक्षणाला सरकारी पैशाचा पाया आहे. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९१८ मध्ये आणि नागरिकांसाठी १९२० मध्ये व्यवसाय-पुनर्वसनाचे कायदे झाले; पण ते राबवणारी प्रशिक्षित माणसे नव्हती. १९५४ च्या कायद्याने विद्यापीठांना प्रशिक्षणासाठी केंद्रीय अनुदान दिले आणि त्यानंतर विद्यापीठांत पुनर्वसन समुपदेशनाचे विभाग देशभर उभे राहिले. त्यामागे मेरी स्विट्झर या प्रशासक महिलेचा मोठा वाटा होता. आजही केंद्रीय शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षे राज्याच्या पुनर्वसन खात्यात किंवा संबंधित संस्थेत नोकरी करावी लागते. न केल्यास रक्कम परत करावी लागते.

अभ्यासक्रमांची अधिस्वीकृती १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘कोअर’ या परिषदेकडे होती. २०१७ मध्ये ती सर्वसाधारण समुपदेशन शिक्षणाच्या ‘केक्रेप’ या परिषदेत विलीन झाली. केक्रेपच्या निकषांनुसार विद्यार्थ्याला १०० तासांचे प्राथमिक प्रात्यक्षिक आणि ६०० तासांची इंटर्नशिप करावी लागते. त्यांपैकी अनुक्रमे किमान ४० व २४० तास प्रत्यक्ष अशिलांसोबत, म्हणजे समुपदेशन घेणाऱ्या व्यक्तींसोबत, जायला हवेत. गेल्या वर्षीचे पदवीधर, अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण, व्यावसायिक परीक्षांतील उत्तीर्णता आणि नोकरी मिळाल्याचे प्रमाण हे चार आकडे विभागाने जाहीर करायचे असतात. परीक्षांमध्ये मुख्य परीक्षा ‘प्रमाणित पुनर्वसन समुपदेशक’ म्हणजे सीआरसी या प्रमाणपत्राची. ते देणारे मंडळ १९७४ पासून काम करते. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि नूतनीकरणासाठी साधारणपणे १०० तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते.

हे आकडे जपून वाचावेत. अनेक विभागांत एका तुकडीत मोजकेच विद्यार्थी असतात. दहा जणांच्या तुकडीत एकाला नोकरी मिळाली नाही, तरी प्रमाण दहा टक्क्यांनी घसरते, म्हणून एका वर्षावरून विभागाची पारख करणे अन्यायाचे ठरते. बरेच विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकतात. त्यांना पदवीला लागणारा जादा काळ म्हणजे गळती नव्हे. नोकरीचे प्रमाण चांगले असले, तरी त्यातून मागणी कळते. पगार किंवा त्या नोकरीतील समाधान कळत नाही. पदवीधर पाच वर्षांनी त्याच क्षेत्रात आहे का, हा खरा महत्त्वाचा प्रश्न त्या चार आकड्यांत येतच नाही.

क्षेत्र सोडून जाण्याला एक ठोस कारण आहे. पूर्वी पुनर्वसनाचे अभ्यासक्रम साधारण ४८ श्रेयांकांचे असत, तर समुपदेशकाच्या परवान्यासाठी अनेक राज्ये ६० श्रेयांक मागत. परवाना नसेल तर विम्याकडून मोबदला मिळवणे आणि स्वतंत्र व्यवसाय करणे अवघड जाते. विलीनीकरणानंतर अभ्यासक्रम ६० श्रेयांकांचे झाले, परवान्याचा मार्ग मोकळा झाला आणि पदवीधरांना मानसिक आरोग्याच्या नोकऱ्याही खुल्या झाल्या. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. राज्य खात्यांची मात्र भरतीची अडचण वाढली. त्याआधीच २०१४ च्या कायद्याने पदव्युत्तर पदवीऐवजी पदवी आणि कामाचा अनुभव असलेल्यांनाही समुपदेशक म्हणून घेण्याची मुभा दिली होती.

ही सवलत काळजी वाटावी अशी आहे. एडना शिमान्स्की आणि इतरांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्क, मेरीलँड, विस्कॉन्सिन या राज्यांतील नोंदी तपासल्या. पुनर्वसन समुपदेशनातच पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांकडे आलेल्या, विशेषतः तीव्र अपंगत्व असलेल्या अशिलांच्या पुनर्वसनाची फलनिष्पत्ती अधिक चांगली आढळली. या शिक्षणाचे फळ पदवीधराच्या पगारापेक्षा अशिलाच्या नोकरीत अधिक दिसते. खात्यात प्रकरण यशस्वी मानून बंद करण्यासाठी अशील किमान ९० दिवस कामावर टिकलेला असावा लागतो. २०१४ च्या कायद्यानंतर अशील खात्याच्या सेवेतून बाहेर पडल्यावरच्या दुसऱ्या व चौथ्या तिमाहीतील रोजगारही मोजला जातो.

पदवीधर मुख्यतः राज्यांच्या पुनर्वसन खात्यांत, माजी सैनिकांच्या केंद्रीय विभागात, सामाजिक संस्थांत, विद्यापीठांच्या अपंगत्व-सेवा कार्यालयांत आणि विमा व न्यायालयीन दाव्यांच्या खाजगी क्षेत्रात जातात. शेवटच्या गटात जखमी व्यक्तीच्या पुढील आयुष्याच्या खर्चाचा आराखडा करून साक्ष देणारे तज्ज्ञही येतात आणि तेथे प्राप्ती बरी असते. एरवी पगार माफकच. सरकारी कामगार आकडेवारीनुसार २०२३ मध्ये पुनर्वसन समुपदेशकांचा मध्यक वार्षिक पगार सुमारे ४४ हजार डॉलर होता. मानसिक आरोग्य समुपदेशकांचा त्याहून बराच जास्त. दोन-तीन वर्षे पदव्युत्तर शिकलेल्या, अनेकदा शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला हा पगार अपुरा आहे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी आधी पाहाव्यात. उपरोक्त केंद्रीय शिष्यवृत्ती अमेरिकेचे नागरिक व कायम रहिवासी यांच्यासाठी आहे. विद्यार्थी व्हिसावर ती मिळत नाही. परत येऊन भारतात काम करायचे असेल, तर १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागते आणि त्यासाठी परदेशी पदवीला परिषदेची मान्यता हवी.