‘बॅटरी गेली’ म्हणण्याआधी

मामांचा फोन आला तेव्हा सांगलीत चार दिवसांची झड लागली होती. "डिस्प्ले लागतोय, बॅटरीच्या काड्या सगळ्या दिसतायत, पण रेस दिली तर चाक जागचं हलत नाही. दुकानदार म्हणतोय, बॅटरी गेली." इलेक्ट्रिक सायकलमधला सगळ्यात महाग भाग बॅटरीच. म्हटलं, मामा, रविवारी येतो, तोवर काही विकत घेऊ नका.

रविवारी ओसरीवर सायकल स्टँडला लावली. हँडलखालच्या वायरींच्या जुडग्यातून ब्रेकच्या लिव्हरकडून येणारे दोन प्लग शोधले. उजवा सोडवला, काही नाही. डावा सोडवून मामांनी रेस दिली आणि मागचं चाक सुर्रकन फिरलं. बॅटरी ठणठणीत होती. लिव्हरच्या सांध्यात चिखल वाळून बसला होता, त्यामुळे ती पूर्ण मागे येत नव्हती. या लिव्हरमध्ये एक बारीक स्विच असतो. ब्रेक दाबला की तो कंट्रोलरला, म्हणजे बॅटरीकडून मोटारला वीज सोडणाऱ्या डबीला, कळवतो आणि कंट्रोलर मोटारचा करंट तोडतो. लिव्हर दोन मिलिमीटर जरी अडकून राहिली तरी कंट्रोलरच्या लेखी ब्रेक दाबलेलाच असतो. ओल्या फडक्याने चिखल काढला, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडला, काम झालं. प्लग मात्र परत जोडायचाच. तो काढून सायकल चालवली तर ब्रेक लावल्यावरही मोटार पुढे ढकलत राहते.

बॅटरीवर संशय घ्यायचाच असेल तर मोजून घ्यावा. साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र, काहीशे रुपयांना मिळतो. हातातली अंगठी, बांगडी, घड्याळ आधी काढा. अशा सायकलच्या 36 व्होल्टच्या बॅटरीचा झटका सहसा जिवावर बेतत नाही, पण दोन टोकांमध्ये धातू आला तर तो क्षणात लाल होतो. मल्टिमीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, हेही बघा. ती अँपिअरच्या भोकात राहिली तर मीटर म्हणजे नुसती तार होते आणि बॅटरी शॉर्ट होते.

‘36 व्होल्ट’च्या बॅटरी पॅकमध्ये लिथियम सेलचे दहा गट एकामागोमाग जोडलेले असतात. भरलेला सेल 4.2 व्होल्टचा, म्हणून भरलेला पॅक 42 व्होल्ट दाखवतो. चार्जरवरही आउटपुट 42 व्होल्ट असंच लिहिलेलं असतं. रात्रभर चार्ज करूनही पॅक 36 वरच असेल तर आधी चार्जर तपासा. बहुतेक साध्या चार्जरांच्या पिनेवर, बॅटरीला न जोडताही, 42 च्या आसपास व्होल्ट मिळायला हवेत. तिथे शून्य असेल तर दोष चार्जरमध्ये आहे.

पण उभ्या सायकलवरचा आकडा अर्धवटच गोष्ट सांगतो. प्रत्येक बॅटरीला आतून थोडा रोध असतो आणि वय वाढतं तसा तो वाढतो. करंट वाहायला लागला की रोध गुणिले करंट, एवढे व्होल्ट आतल्या आत खर्च होतात. चढावर मोटार 12 अँपिअर ओढते असं धरू. चांगल्या पॅकचा रोध 0.1 ओहम असेल तर सव्वा व्होल्ट कमी होतील, चालकाला कळणारही नाही. थकलेल्या पॅकचा 0.4 ओहम झाला असेल तर जवळजवळ पाच व्होल्ट जातात. उभ्याने 36 दाखवणारा पॅक चढावर 31 वर येतो आणि तिथेच बहुतेक कंट्रोलर पुरवठा तोडतात. सायकल बंद पडते, मिनिटभर थांबलं की पुन्हा काड्या दिसतात, माणूस गोंधळतो. म्हणून स्टँडवर चाक गरगर फिरलं याचा अर्थ बॅटरी चांगली असा होत नाही, हवेत फिरणाऱ्या चाकाला ताकदच लागत नाही. डिस्प्लेवर व्होल्ट दिसत असतील तर भरलेल्या बॅटरीने नेहमीच्या चढावर जा आणि आकडा किती खाली येतो ते सोबतच्या माणसाला बघायला सांगा.

हाच रोध पावसाळ्यात जोडांमध्ये तयार होतो. पितळी भांड्यात ताक कळकतं, तसा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. तिथे 0.1 ओहम रोध आला तर 12 अँपिअरला चौदा वॅट उष्णता एवढ्याशा पिनेवर निर्माण होते. सोल्डरिंगची छोटी आयर्न 25 वॅटची असते, यावरून अंदाज घ्या. सायकल चालवून आल्यावर बॅटरीचा जोड बोटाला गरम लागला किंवा प्लास्टिक पिवळट, मऊ दिसलं, तर तो जोड बदलून घ्या. नुसता घासून परत लावू नका. आणि सायकल धुताना पाण्याचा जोराचा फवारा नको, ओलं फडकं पुरतं.

पंक्चर काढून आणल्यावर सायकल बिघडली तर मागच्या चाकाशी जाणारी केबल बघा. तिच्या प्लगच्या दोन्ही भागांवर बाण असतात. ते समोरासमोर धरून, रेघेपर्यंत आत दाबायचे. त्या केबलमध्ये मोटारच्या तीन जाड वायरी असतात आणि हॉल सेन्सरच्या पाच बारीक. 1879 मध्ये एडविन हॉल यांनी शोधलेल्या परिणामावर हे सेन्सर चालतात. आतलं चुंबक या क्षणी कुठे आहे, ते कंट्रोलरला सांगतात. एखादी बारीक वायर तुटली की मोटार गुरगुरते, झटके मारते, पण पायाने ढकलून दिली की पळते. चाकाचा नट सैल राहिला तर मोटारच्या जोराने आखच फिरतो आणि केबल पिळवटून तुटते. पंक्चरवाल्याकडून निघण्याआधी नट स्वतः तपासा.

मला सगळ्यात आवडते ती परीक्षा पुढची. पुरवठा बंद असताना चाक उलटं फिरवून बघा. गिअर असलेल्या हब मोटारीत, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेल्या मोटारीत, सरळ फिरवून काही कळत नाही, मोटार सुटी राहते. उलटं फिरवताना चाक अडखळत, जड चालत असेल तर मोटारकडे जाणारा प्लग सोडवा. आता ते हलकं झालं? मग मोटार चांगली आहे, कंट्रोलरमधला एखादा मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जळून शॉर्ट झालाय. मोटार हाताने फिरवली की ती जनित्र होते. शॉर्ट मॉसफेटमुळे त्या विजेला वाट मिळते आणि तो करंट फिरण्यालाच विरोध करतो. लेंझ यांनी 1834 मध्ये मांडलेला हा नियम दहावीच्या वयाच्या पोरांना फळ्यावर समजत नाही. त्यांना हे चाक फिरवायला द्या.

पॅक मात्र घरी उघडायचा नाही. फुगलेला, मार बसलेला, पाण्यात बुडालेला, चार्जिंगला नसतानाही गरम लागणारा किंवा गोडसर वास येणारा पॅक चार्जिंगला लावू नका. बाहेर मोकळ्यावर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवा.

त्या रविवारी निघताना मामांना विचारलं, चार्जिंगला कुठे लावता? जिन्याखाली, म्हणाले. वरच्या मजल्यावरून खाली यायला तोच एक जिना, बॅटरीने पेट घेतला तर वाटच बंद. मामांच्या मुलाने संध्याकाळीच वायरमन बोलावून पडवीच्या भिंतीवर नवा सॉकेट बसवून घेतला.