एक पदर कुजका निघाला तर

पोळ्याच्या तोंडावर खानदेशात अजूनही कुठे कुठे अंबाडीच्या वाखाचे कासरे वळतात. तीन पदर घ्यायचे, एका टोकाला गाठ मारायची आणि तिथून पीळ देत जायचं. वाख कमी असला तर दोर बारीक होतो, पण काम देतो. एक पदर कुजका निघाला, तर सोबतचे दोन चांगले पदरही फुकट जातात. डार्विन प्रॉकॉप या अमेरिकी डॉक्टर-संशोधकाचं बरंचसं काम याच हिशेबाचं आहे. त्यांचा दोर शरीरातला होता : कोलॅजेन नावाचं प्रथिन.

हाडं, कातडी, स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे, सगळीकडे हा दोर आहे. तो तीन पदरी असतो, हे मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये मांडलं. हाडातल्या कोलॅजेनचे दोन पदर एका जनुकातून येतात, तिसरा दुसऱ्यातून. दोराची जाडी दीड नॅनोमीटर, लांबी ३००. म्हणजे जाडी दीड सेंटिमीटर धरली तर लांबी तीन मीटर. प्रत्येक पदरात हजारावर अमिनो आम्लं ओवलेली, आणि दर तिसरं ग्लायसीनच. कारण साधं आहे. तिन्ही पदर जिथे एकमेकांना भिडतात तिथे जागा इतकी अरुंद, की सगळ्यात लहान अमिनो आम्लच तिथे मावतं.

प्रॉकॉप यांच्या गटाने १७ दिवस उबवलेल्या अंड्यांतल्या पिल्लांच्या पायाचे कंडरे घेतले, एन्झाइमने भोवतालचं जाळं विरघळवलं आणि पेशी मोकळ्या केल्या. मग लोह बांधून टाकणारं एक रसायन त्यांत घातलं. पदरातल्या प्रोलीन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गट बसवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं आणि 'क' जीवनसत्त्वही. ते गट बसले नाहीत, तर दोर तयार होतो खरा, पण २४ अंश सेल्सियसच्या आसपास उलगडतो; नेहमीचा दोर ३९ च्या आसपास तग धरतो. २४ म्हणजे जळगावात डिसेंबरच्या दुपारीही उलगडलाच असता, मग ३७ अंशांच्या शरीराची काय कथा! 'क' जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्हीत हिरड्या का फुटतात, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

पुढचा टप्पा १९८३ चा. जन्मतःच हाडं मोडलेलं आणि न वाचलेलं एक बाळ. प्रॉकॉप, फ्रान्सेस्को रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पेशींत कोलॅजेनच्या जनुकाचा एक तुकडाच गळालेला दाखवला. पदरातली ८४ अमिनो आम्लं गायब. ८४ ला तीनने भाग जातो, म्हणून 'दर तिसरं ग्लायसीन' हा क्रम मोडला नाही आणि पदर दोरात वळला गेला. घात झाला तो तिथेच. आखूड पदर लांब पदरांशी वळला की दोर नीट बसत नाही, आणि पेशी चांगल्या पदरांसकट तो मोडीत काढते.

आता हिशेब मांडा. दोन पदर देणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली, तर दोन्ही पदर चांगले येण्याची शक्यता पाव. म्हणजे चारांतले तीन दोर खराब. तीच प्रत साफ बंद पडली असती, तर दोर निम्मे झाले असते, पण सगळे धड! ठिसूळ हाडांच्या या जन्मजात आजाराचा सौम्य प्रकार बहुधा असाच असतो : डोळ्यांचा पांढरा भाग निळसर, लहानशा पडण्याने हाड मोडणं. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. नसलेला पदर वाईट पदरापेक्षा बरा. अशा मुलाला नुसत्या कॅल्शियमच्या बाटल्या पाजून दोर सुधारत नाही, हेही यातून कळतं.

हल्ली या आजाराचं निदान बहुतेक वेळा रक्तातल्या डीएनएवरून होतं. पण सापडलेला बदल खरंच घातक आहे का हे ठरत नसेल, तर पेशी वाढवून त्यांचं कोलॅजेन तपासण्यासाठी दंडावरून तीन-चार मिलिमीटरचा कातडीचा तुकडा घेतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तो बायोप्सीच्या सवयीने फॉर्मेलिनमध्ये टाकणं. पेशी मेल्या, तुकडा वाया. तो निर्जंतुक पोषक द्रवातच ठेवायचा, गोठवायचा नाही, आणि मे महिन्यात धुळ्याहून पुण्या-मुंबईला पाठवताना थर्माकोलच्या डब्यात थंडावा द्यायचा. बर्फ मात्र नळीला थेट टेकू द्यायचा नाही. प्रयोगशाळेत तुकड्याच्या कडेने पेशी बाहेर पसरायला आठवडा-दोन आठवडे जातात, फ्लास्क भरायला आणखी काही. कोलॅजेन तपासण्याआधी त्या द्रवात 'क' जीवनसत्त्व ताजं घालावं लागतं, कारण ३७ अंशांना ते एका दिवसात उतरतं. ते विसरलं, की निरोगी माणसाच्या पेशीही आजाऱ्यासारखे कच्चे दोर दाखवतात.