कडक झालेली नळी फुगते कशी?

आमच्याकडे, यवतमाळच्या खेड्यांत, पोट दुखलं की बेंबी सरकली का ते आधी पाहतात. उपाशीपोटी उताणं झोपवून बेंबीवर बोटं दाबायची. ठोका बाजूला लागला की सरकली! मग तेल लावून रगडणं. बेंबी कुठं जात नाही हो. बोटाला लागते ती महाधमनी. हृदयातून निघून कण्याला लागून खाली येते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दुभागते. किडकिडीत माणसात तिचा ठोका सहज लागतो.

काहींची हीच नळी पोटात फुगते. साधारण २ सेंटिमीटर रुंदीची नळी ३ वर गेली की तो ॲन्युरिझम. १९५५ साली आइन्स्टाईन गेले ते असाच फुगा फुटून.

गंमत अशी की धमन्या कडक झालेल्यांत हा धोका जास्त दिसतो. कडक वस्तू फुगेल कशी?

पाठीवरचा फवारणी पंप आठवा. दांडा खालीवर होतो, पण नोझलमधून फवारा सलग येतो, कारण आतल्या कोठीत कोंडलेली हवा धक्का झेलून हळूहळू परत देते. महाधमनी हेच काम भिंतीनं करते. इंग्रज शास्त्रज्ञ स्टीफन हेल्सनं १७३३ मध्येच तिला आगीच्या बंबातल्या हवाकोठीची उपमा दिली होती. भिंतीत दोन धागे असतात. इलास्टिन रबरासारखं ताणून परत येतं. कोलॅजन सुंभासारखं: ढिलं असेतो गप्प, ताणलं की ताठ. इलास्टिन गर्भात आणि बालपणी बनतं, पुढं जवळपास नाहीच. वय, बिडी-सिगारेट आणि दाहातली विकरं (एन्झाइम) ते कुरतडतात. मग सगळा भार सुंभावर, म्हणून नळी कडक. उन्हानं ठिबकची नळी कडक होते, तिला मजबूत कोण म्हणेल?

धक्का झेलणारं उरलं नाही की नाडीची लाट सेकंदाला ५-६ मीटरऐवजी १० मीटरच्या वर धावते आणि वरचा दाब चढतो. त्यात पोटातल्या महाधमनीत इलास्टिनचे थर छातीतल्यापेक्षा मुळातच कमी. भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. फुगलेल्या जागी त्रिज्या वाढते, जाडी घटते, म्हणून ताण आणखी. सायकलच्या ट्यूबचा फुगा तिथंच का वाढतो ते यावरून कळेल. मात्र मधुमेहींच्या धमन्या कडक असूनही त्यांच्यात हा फुगा कमी आढळतो. साखरेनं कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडतात, हे त्याचं एक संभाव्य कारण.

फुगा बहुधा दुखत नाही, सोनोग्राफीत मात्र दिसतो. पासष्टी ओलांडलेल्या, बिडी ओढलेल्या बाबांची पोटाची सोनोग्राफी होणारच असेल, तर महाधमनी किती सेंटिमीटर भरली ते विचारा. पुरुषांत ५.५ झाली की डॉक्टर ऑपरेशनचं बोलतात.